सावली पाण्यावर पडू नये म्हणून

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी साडेसहाच्या सुमारास, मी पहिल्यांदा त्या तळ्यावर गेले. पाच-सहा फूट पाण्याखालची वाळू, तिच्यावर पडलेली गेल्या वर्षीची ओकची पानं, पानांवरून फिरणारे बोटभर सनफिश, सगळं काठावरून स्वच्छ दिसत होतं. पाणी एवढं नितळ असल्यावर मासा शोधायचे कष्ट कसले, असं मला वाटलं. बास दिसेल, त्याच्या तोंडापुढे आमिष टाकायचं. त्यानंतर पाच आठवडे, दर शनिवारी आणि रविवारी, मी तिथे गेले आणि एकही बास गळाला लागला नाही.

तळं मॅसॅच्युसेट्समधलं, बॉस्टनच्या पश्चिमेला. त्याचं नाव इथे लिहीत नाही. पंचवीसेक एकरांचं पाणी आहे, फार माणसं त्याला सोसायची नाहीत. हिमयुगाच्या शेवटी इथली बर्फाची चादर उत्तरेकडे हटत गेली, तेव्हा तिचे मोठमोठे तुकडे वाळू आणि गोट्यांत गाडले गेले. ते वितळल्यावर खड्डे उरले आणि त्यांत जमिनीखालचं पाणी भरलं. कॉन्कॉर्डचा प्रसिद्ध वॉल्डन पाँड याच जातीचा, 102 फूट खोल. आमचं तळं त्या मानाने उथळ, मधोमध तीस फूट असेल. ओढा येऊन मिळत नाही म्हणून गाळ नाही. गाळ नाही म्हणून ऊन खोलवर जातं, आणि ऊन जिथवर पोचतं तिथवर पाणवनस्पती उगवतात. जूनपर्यंत काठापासून पंधरा फूट खोलीपर्यंत हिरवं रान उभं राहतं. त्यात काठाला रेड मेपल, ओक, पांढरा पाइन आणि त्यांच्याखाली थेट पाण्यात झुकलेली रानटी ब्लूबेरीची झुडपं. रॉड मागे नेऊन फेकायला हातभर जागा सापडत नाही.

माझं माहेर भंडारा जिल्ह्यातलं. तलावांचा जिल्हा. कोहळी लोकांनी बांधलेले, मालगुजारांच्या, म्हणजे शेतसारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या, काळातले तलाव, आणि शेताशेतांत बोड्या, म्हणजे लहान तळी. मला गळ टाकायला शिकवलं माझ्या मामांनी आणि मामांना शिकवलं त्यांच्या एका ढिवर मित्राने. पावसाळा ओसरला की बोडीच्या काठी, देवधान आणि कमळाच्या पानांमधल्या मोकळ्या जागेत, जिवंत बेडूक लावून मरळ धरायची. मी तेव्हा सात-आठ वर्षांची. मामा मला त्यांच्या मागे बसवायचे आणि तासन् तास बोलू द्यायचे नाहीत. हे सगळं तीस वर्षं माझ्या आत कुठेतरी पडून होतं. माझी मुलगी आठ वर्षांची झाली आणि एक दिवस तिने विचारलं, आई, तू लहानपणी सुट्टीत काय करायचीस? त्या उन्हाळ्यात मी परवाना काढला.

इथे गोड्या पाण्यात गळ टाकायला पंधरा आणि त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाला राज्याच्या वन्यजीव खात्याचा परवाना लागतो. तो घरबसल्या मिळतो आणि कॅलेंडर वर्षापुरता चालतो. त्यासोबत नियमही वाचावे लागतात आणि ते मला मनापासून आवडले. दिवसाला जास्तीत जास्त पाच बास, प्रत्येक किमान 12 इंच. एक औंसाहून हलकी शिशाची वजनं आणि शिशाचे जिग, म्हणजे वजन जोडलेले गळ, 2012 पासून बंद, कारण लून पक्षी ती गोट्यांबरोबर गिळतात आणि शिशाच्या विषाने मरतात. दुसरी गोष्ट त्याहून जुनी आहे. या भागात 1640 च्या दशकात, इंग्रज वसाहतीच्या काळात, असा कायदा झाला की दहा एकरांहून मोठी नैसर्गिक तळी सगळ्यांची, तिथे मासेमारी कोणीही करावी. तो हक्क आजही चालतो. मालगुजारी गेल्यावर सरकारकडे आलेल्या तलावांवर ढिवरांचा हक्क किती आणि ठेकेदाराचा किती, ही भांडणं मी लहानपणी ओसरीवर ऐकली आहेत. त्यामुळे तळ्याकाठच्या पाटीवर त्या हक्काचं वाक्य वाचताना मी बराच वेळ तिथेच थांबले होते.

आता मासा. लार्जमाउथ बास हा सनफिशच्या कुळातला. पाठ शेवाळी हिरवी, अंगाच्या मधून डोक्यापासून शेपटीपर्यंत काळपट पट्टा, आणि जबडा एवढा मोठा की त्याचं टोक डोळ्याच्याही मागे जातं. तो मूळचा मॅसॅच्युसेट्सचा नाही. एकोणिसाव्या शतकात लोकांनी आणून सोडला आणि इथलाच होऊन गेला. जपानमध्येही तो असाच नेला गेला, पण तिथे तो देशी माशांवर इतका भारी पडला की आता त्याच्यावर कायद्याने निर्बंध आहेत. गंमत अशी की जॉर्जियातल्या माँटगोमेरी लेकमध्ये 1932 साली धरलेल्या सव्वाबावीस पौंडी बासच्या विक्रमाची बरोबरी 2009 मध्ये झाली ती जपानच्याच बिवा सरोवरात. इकडे आमच्या मरळीच्या नात्यातला एक मासा 2002 साली मेरीलँडमधल्या एका तळ्यात सापडला, तेव्हा अमेरिकेत केवढा हाहाकार झाला. त्याच वर्षी मरळीच्या सगळ्या कुळावर आयातबंदी आली. मामांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना ते पटेचना. मरळीला कोण घाबरेल, म्हणाले.

मे महिन्यात मला बास दिसत नव्हते असं नाही. पाणी साधारण 60 अंश फॅरनहाइटच्या वर गेलं की नर उथळ पाण्यात येतो, शेपटीने वाळू झाडून परातीएवढी गोल जागा स्वच्छ करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि नर तिथे राखण करत राहतो. नितळ पाण्यात त्या पराती लांबूनच दिसतात. प्रत्येकीवर एक काळसर मासा, कल्ले हलवत, जागेवरून न हलता. त्याच्यापुढे काहीही टाकलं तरी तो ते तोंडात धरून बाहेर नेऊन टाकणार, म्हणजे तो हमखास लागणार. कायद्याची इथे आडकाठी नाही. पण तो उचलला की सनफिश मिनिटाभरात अंड्यांवर तुटून पडतात. मरळीची पिल्लं लालसर असतात, झुंडीने वर येतात, पाण्यावर कुंकू सांडल्यासारखी दिसतात, आणि खाली आई-बाप पहारा देत असतात. तो लाल गोळा दिसला की मामा गळ गुंडाळून दुसऱ्या बोडीवर जायचे. मीही त्या राखणदारांना हात लावला नाही. बाकीचे बास कुठे होते, ते मात्र मला सापडेना.

माझ्याकडे सामान चांगलं होतं. सात फुटी रॉड, दहा पौंडांचा ताण सोसणारी फ्लुरोकार्बनची दोरी, जी पाण्यात साध्या नायलॉनपेक्षा कमी दिसते, आणि पाच इंची मऊ प्लॅस्टिकचं गांडूळ. गळाचं टोक गांडुळाच्या अंगातच लपवायचं, म्हणजे ते गवतात अडकत नाही. इथे याला टेक्सास रिग म्हणतात. नितळ पाण्यात मी वजन लावत नव्हते, गांडूळ स्वतःच्याच वजनाने थरथरत खाली जातं ते पुरे. गाडी लावायच्या जागेजवळ तळ्याच्या पूर्वेला रेतीचा एक उतार आहे. काठावर झाडी नाही अशी ती एकच जागा, तिथून रॉड नीट फिरवता यायचा. मी पाण्याच्या कडेला उभी राहून लांब, मधल्या खोल पाण्याकडे आमिष फेकायची. मागून सूर्य, त्यामुळे पाण्यावर चकाकी नाही, तळापर्यंत सगळं दिसतंय. याहून चांगली जागा कोणती?

जूनच्या दुसऱ्या रविवारी मी मामांना व्हिडिओ कॉल केला आणि फोन तळ्याकडे फिरवला. त्यांना पाणी फार आवडलं. मग त्यांनी विचारलं, "तू उभी कुठं रायतेस?"

"इथेच. काठावर."

"काठावर म्हणजे पाण्यापाशी? अन् हे पाण्यात लांबलचक काळं काय दिसून रायलं?"

ती माझी सावली होती. रेतीच्या उतारावरून पाण्यात पंधरा-वीस फूट आत गेलेली. मी हात हलवला की तिचाही हलत होता.

"अवो बाई," मामा म्हणाले, "मासा तं तुझ्या पायापाशीच असते. तू त्याले पयवून लावतेस अन् मंग दूर गळ फेकतेस."

त्यांच्या मागे बसून गप्प राहण्याचं कारण मला त्या वेळी कळलं नव्हतं. ते दर वेळी बोडीला वळसा घालून अशा बाजूला जायचे की ऊन समोरून येईल. डोळे दिपायचे, मी कुरकुरायचे. सावली मागे पडावी म्हणून ते उन्हाकडे तोंड करून बसत होते.

त्या आठवड्यात मी रोज रात्री वाचलं. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, तरी ही गोष्ट माझ्या कधी लक्षात आली नव्हती. पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचं सगळं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे ती खिडकी सुमारे 97 अंशांच्या शंकूएवढी असते, बाकी पृष्ठभाग त्याच्यासाठी आरशासारखा. काठावर ताठ उभा असलेला माणूस त्या खिडकीत स्पष्ट येतो. तोच माणूस मागे सरकला आणि खाली बसला, तर खिडकीच्या कडेला दबून चपटा होतो आणि जवळजवळ नाहीसा होतो. पाणी गढूळ असतं तर या सगळ्याने फार फरक पडला नसता. आमच्या तळ्यात पडतो.

म्हणून पुढच्या शनिवारी मी पश्चिमेच्या काठाने गेले. तिकडे कोणी फारसं जात नाही, कारण वाट नाही. पॉयझन आयव्ही माजलेली आहे, तीन-तीन पानांची ती वेल अंगाला लागली की आठवडाभर खाज आणि फोड. झुडपांत हरणांवरच्या बारीक गोचिड्या असतात, त्यांच्यामुळे लाइम रोग होतो. शेजारच्या कनेटिकट राज्यातल्या लाइम गावावरून त्याला ते नाव मिळालं आहे. लांब बाह्या, पँट मोज्यांत खोचलेली, आणि घरी गेल्यावर सगळं अंग तपासायचं. हे सोपस्कार मी आता दात घासण्यासारखे करते.

पाण्यापासून दहा फूट अलीकडे, एका ओकच्या बुंध्याआड मी गुडघ्यांवर बसले. ऊन समोरून येत होतं. पाण्यावरची चकाकी कापणारा पोलराइज्ड चष्मा नसता तर काही दिसलंच नसतं. आणि मग लांब फेकायच्या ऐवजी मी काठाला समांतर, झुडपांच्या सावलीच्या कडेने, वीसेक फुटांवर गांडूळ टाकलं. काठापासून दोन फुटांवर. पाणी तिथे जेमतेम तीन फूट. गांडूळ थरथरत खाली जात होतं, दोरी पाण्यावर ढिली पडली होती. अचानक ती दोरी एकदा टुण्‌कन उडाली आणि आडवी चालायला लागली. हाताला काहीच जाणवलं नव्हतं. मी रॉड उचलला.

तो बास 13 इंचांचा होता. पाण्याबाहेर पूर्ण उडाला, डोकं झटकलं, एक पाणवेल तोडून घेऊन गेला आणि शेवटी माझ्या ओल्या हातात आला. खालचा ओठ अंगठ्यात धरायचा, दुसरा हात पोटाखाली. त्याचे दात वाळूच्या कागदासारखे बारीक असतात, अंगठा खरबरीत होतो. इथले लोक त्या खरबरीत अंगठ्यावरून सांगतात की माणसाचा दिवस कसा गेला. मी त्याला दहा आकडे मोजेपर्यंतच वर ठेवलं आणि सोडलं. मामांना फोटो पाठवला. उत्तर आलं, "पकडला तं सोडला कायले?"

मी सांगितलं की इथल्या तळ्यांतल्या माशांत पारा असतो. धुरातून हवेत गेलेला पारा पावसाने पाण्यात उतरतो, किड्यांतून लहान माशांत आणि लहान माशांतून मोठ्यांत साठत जातो, आणि बास सगळ्यांना खाणारा. राज्याचं आरोग्य खातं सांगतं की गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी आणि बारा वर्षांखालच्या मुलांनी इथल्या नद्या-तळ्यांतले मासे खाऊ नयेत. मामा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मंग त्याले तरास कायले देतेस?"

या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. मी काही गोष्टी बदलल्या. गळाच्या टोकाजवळची उलटी आकडी पक्कडीने दाबून टाकली, म्हणजे तो काढताना मासा फाटत नाही. पाणी 80 अंशांवर गेलं की जायचंच नाही असं ठरवलं, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी, आणि दमलेला मासा त्यातून सावरत नाही. हे उत्तर होत नाही, मला माहीत आहे.

जुलैत तळं बदललं. गवत पृष्ठभागापर्यंत आलं, पांढऱ्या कुमुदांची पानं काठात खाडीसारख्या शिरलेल्या कोपऱ्यावर अर्ध्यापर्यंत पसरली, आणि गांडूळ खाली जाईनासं झालं. आता पोकळ रबरी बेडूक. त्याचे दोन गळ वरच्या बाजूला, अंगाला चिकटून असतात, त्यामुळे तो पानांवरून न अडकता सरकतो. दोरी मात्र जाड लागते, 50 पौंडांची विणलेली, कारण मासा लागला की गवताच्या पाच-सात किलो भाऱ्यासकट ओढून आणावा लागतो. पानांच्या पलीकडे टाकायचा, पानावर चढवायचा, थांबवायचा, आणि दोन पानांमधल्या खिडकीत पाण्यात उतरवायचा. बोडीवर मामा जिवंत बेडकाने करायचे तेच हुबेहूब.

पहिल्या चार वेळा खालून पाणी फुटलं, केवढा तरी आवाज झाला आणि मी दचकून रॉड ओढला. चारही वेळा बेडूक रिकामा उडून माझ्याकडे आला. मामांनी एका वाक्यात चूक सांगितली: "मरळ आधी मारते, मंग गियते." बासही तसाच. तो चावत नाही, तोंड आणि कल्ले एकदम उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो. पण मध्ये पानांचं छत असलं की त्याला आधी ते फोडावं लागतं, त्यात नेम चुकतो, मग तो पुन्हा येतो. आवाजाकडे दुर्लक्ष करायचं, वजन हाताला लागेपर्यंत थांबायचं. तोंडातल्या तोंडात एक, दोन म्हणायचं. हे मला जमायला तीन आठवडे लागले, आणि जमलं तेव्हा एका सकाळी पाच बास मिळाले. त्यातला एक 17 इंचांचा.

आणि तीच सवय महागात पडली. जुलैच्या शेवटी दोन दिवस पाऊस झाला, पाणी निवळलं, गार झालं. मी पुन्हा काठच्या सावलीत गांडूळ टाकलं. दोरी उडाली. मी थांबले. एक, दोन, तीन. बेडकावर हे बरोबर होतं. मऊ, खारट गांडुळावर नाही, ते मासा लगेच गिळतो. ओढून आणला तेव्हा गळ घशाच्या पार आत होता आणि कल्ल्यांतून रक्त येत होतं. दोरी तोडून सोडून द्यायचं असं वाचलं होतं. मी तोडली, त्याला पाण्यात धरून ठेवलं, पुढेमागे केलं. तो एका कुशीवर कलंडला. बराच वेळ मी गुडघाभर पाण्यात त्याला धरून उभी होते. मग तो हलायचा थांबला.

14 इंच. नियमात बसणारा. बोडीवर एक अलिखित नियम होता, मेलेला मासा टाकायचा नाही. मी तो घरी आणला, खवले काढले, लसूण, भाजलेला कांदा आणि सुकं खोबरं वाटून, तिखट आणि चिंचेचा कोळ घालून रस्सा केला. मुलीला दिला नाही. नवऱ्याने आणि मी दोघांनी खाल्ला. मांस पांढरं, घट्ट, काटे कमी. मरळीची चव नव्हती, पण जेवताना आम्ही फार बोललो नाही. तेव्हापासून गांडुळावर मी थांबत नाही, दोरी हलली की लगेच रॉड वर. त्यामुळे काही मासे निसटतात. निसटू देते.

ऑगस्टमध्ये उत्तरेच्या खाडीत मला एक गोष्ट दिसली, तिच्यासाठी मी मासेमारी तीन आठवडे बाजूला ठेवली. कुमुदांच्या पानांमध्ये एक चक्राकार पसरलेला झुबका होता. दातेरी कडांची त्रिकोणी पानं, प्रत्येक पानाच्या देठात हवेचा फुगवटा. ओळखायला मला क्षणही लागला नाही. शिंगाडा! आमच्या तलावांत ढिवर बाया छातीभर पाण्यात उतरून तो काढतात. दिवाळीच्या सुमारास उकडलेले काळे शिंगाडे बाजारात येतात, उपासाला पीठ लागतं. इथला शिंगाडा त्याच गणातला, फक्त आपल्या दोन शिंगांऐवजी चार शिंगांचा. एकोणिसाव्या शतकात तो केंब्रिजच्या वनस्पती उद्यानात आणला गेला आणि तिथून जवळच्या पाण्यांत गेला. इथे त्याला खाणारं कोणी नाही, आवरणारं कोणी नाही. एका हंगामात तो पृष्ठभाग झाकून टाकतो, खाली ऊन जात नाही, पाण्यातलं बाकीचं गवत मरतं, कुजतं, प्राणवायू संपतो. बास ज्या रानात राहतो ते रानच उरत नाही.

मी फोटो काढून गावाच्या पर्यावरण समितीला कळवलं. दोन शनिवार आम्ही दहा-बाराजण छोट्या होड्यांतून फिरून झुबके हाताने उपटत होतो. शिंगाडा वर्षायू आहे. फळ पिकून गळायच्या आत उपटला तर त्या जागी पुढच्या वर्षी येत नाही. एकदा फळ तळाशी गेलं की मात्र ते दहा-बारा वर्षांनंतरही रुजू शकतं. मला झुबका कुठून धरायचा ते हाताला आपोआप कळत होतं, देठाच्या मुळाशी, हळू, दोरासारखं खोड तुटू न देता. जी गोष्ट गावी पीक म्हणून सांभाळतात ती मी इथे मुळासकट होडीत टाकत होते, आणि ते योग्यच होतं. तरीही दोन कोवळी फळं मी फोडून पाहिली. आत गर होता, पांढरा, दुधाळ. वास अगदी घरचा.

होडीतून फिरताना मला तळं पहिल्यांदा माशाच्या बाजूने दिसलं. पश्चिमेच्या काठावर एक पांढरा पाइन पाण्यात पडला आहे. बुंधा काठावर, शेंडा वीस फूट आत. त्याच्याभोवती गवत नाही, वर एका मेपलची फांदी इतकी खाली आली आहे की पाण्यात आणि तिच्यात दोन फुटांची फट उरते. त्या फटीखाली पाण्यात, खोडाच्या सावलीत, एक मोठा बास स्थिर उभा होता. होडी जवळ गेली तसा तो घाईही न करता खाली गेला.

त्याच्यापर्यंत आमिष पोचवायचं तर वरून फेकून चालणार नव्हतं. लहानपणी चपटा दगड आडवा फेकून पाण्यावर भाकऱ्या काढायचो, तसंच गांडूळ काढावं लागतं. रॉड पाण्याला समांतर, मनगटाचा झटका, गांडूळ पाण्याला चाटत चाटत फांदीखाली गेलं पाहिजे. मी घरामागच्या गवतावर ताडपत्री पसरून सराव केला, मुलगी किती उड्या झाल्या ते मोजायची. ऑगस्ट संपेपर्यंत मी त्या पाइनपाशी सहा वेळा गेले. दोनदा गांडूळ फांदीत अडकलं. तीनदा तो आला, वीतभर अंतरावरून गांडुळाकडे पाहिलं आणि परत फिरला. एकदा तो तिथे नव्हताच.

21 सप्टेंबरला सकाळी मी कारमधून लवकर उतरले, गोचिड्यांचे सोपस्कार केले आणि शेवटचे तीस फूट रांगत गेले. मेपलची पानं लाल व्हायला लागली होती. पाण्यावर वाफ, समोर सूर्य, पलीकडच्या काठावर एक मोठा निळा बगळा. मी बुंध्याआड पालथी पडून वाट पाहिली. पंधरा मिनिटं काहीच केलं नाही. मग बसल्या बसल्या आडवा झटका दिला. चार भाकऱ्या निघाल्या आणि गांडूळ फांदीखाली सावलीत शिरलं.

ते खाली जाताना मला दिसत होतं. तो खोडाखालून बाहेर आला. थांबला. गांडूळ तळाला टेकलं आणि त्याने डोकं खाली केलं. तोंड उघडलेलं मी पाहिलंच नाही, तिथे गांडूळ होतं आणि मग नव्हतं. मी लगेच रॉड उचलला.

तो खोडाकडे धावला, मी रॉड पाण्यात खुपसून आडवा ओढला, दोरी सालीवर खरडल्याचा आवाज आला. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. गळ वरच्या ओठाच्या कोपऱ्यात अडकला होता, बोटाने सहज निघाला. 19 इंच. तराजूवर साडेतीन पौंडांच्या वर, दीड किलोहून जास्त. एका कल्ल्याजवळ जुना, भरून आलेला ओरखडा, बहुधा बगळ्याचा. दहापर्यंत मोजून मी हात पाण्याखाली नेले. तो तसाच माझ्या तळव्यांवर दोन श्वास थांबला आणि मग खोडाखाली गेला.

वहीत लिहिलं: 21 सप्टेंबर, 7:40, पाणी 66, ऊन, वारा नाही, पडका पाइन. मग मामांना फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती, मागे बैलांच्या घंटा ऐकू येत होत्या. मासा किती मोठा, हे त्यांनी विचारलं नाही.

"ऊन कोन्या बाजूनं होतं?"

"समोरून, मामा. सावली मागे झाडीत होती."

"हं," मामा म्हणाले. "आता पाणी गार पडल. पुढच्या येळेस जरा खोल पाय."